चेहरा पुसला : होय

सोमवार, ५ जानेवारी २००४. अंबड
श्रीरेणुका प्रसन्न. यांची बदली इथल्या कोर्टात झाल्यापासून घरात बसून जीव कंटाळला होता. आजपासून प्रसूतिगृहात नोंदी लिहायचं काम लागलं. मॅट्रिक पास, अक्षर वळणदार, डॉक्टर शांतिलालांना तेवढं पुरे झालं.

टेबलावर कॅमेरा आणि कॉम्प्युटर आहे. नव्या बाळाचा समोरून फोटो घ्यायचा. डोळ्यांच्या कोपऱ्यांवर, नाकावर, ओठांवर ठिपके पडतात आणि मधली अंतरं मोजली जातात. जन्मतःच आलेले काही दोष चेहऱ्याच्या ठेवणीत दिसतात म्हणे. अशा बाळांचं काळीजही कधीकधी अधू असतं. संशय आला की लगेच औरंगाबादला तपासणीसाठी पाठवायचं. फोटो साठवत नाहीत, आकडे तेवढे राहतात. काजळ-तीट राहिलं तर ठिपके चुकीच्या जागी बसतात, म्हणून फोटोआधी बाळाचं तोंड ओल्या फडक्याने पुसायचं आणि रकान्यात लिहायचं, चेहरा पुसला : होय. एवढं माझं काम. आया चांगुणाबाई म्हणाल्या, नाकाडोळ्याची मापं घेऊन लेकराला काय अंगडं शिवता का बाई? खूप हसलो.

शुक्रवार, १६ जानेवारी
हसनाबादच्या पुष्पाबाईला मुलगी झाली. तिची सासू चतुराबाई दारातच अडून बसली. काजळ-तीट न लावता फोटू काढू देणार न्हाई, नजर लागून राह्यली तर तुम्ही भरून देणार का, म्हणाली. मला पटलंच. माझी दोन्ही लेकरं मी काजळाशिवाय कुणापुढे नेली नव्हती. चांगुणाबाईंच्या डबीतलं काजळ मीच बोटाने भरलं, डोळ्यांच्या पार कोपऱ्यापर्यंत. डॉक्टर जालन्याला गेलेले. ठिपके काजळावरच बसले. निकाल आला, ठीक. रकान्यात होय लिहिलं. चतुराबाईने माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

सोमवार, ९ फेब्रुवारी
पुष्पाबाईची मुलगी गेली. दूध पिताना दमायची, निळी पडायची. औरंगाबादला नेली तेव्हा उशीर झाला होता. काळजाला छिद्र होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, चेहऱ्यावरूनच कळायला पाहिजे होतं, डोळ्यांमधलं अंतर साफ जास्त आहे.

आमच्या डॉक्टरांनी विचारलं, वहिनी, तोंड पुसलं होतं ना. मी म्हणाले, पुसलं होतं. त्यांनी रकाना पाहिला आणि विचारल्याबद्दल माझीच माफी मागितली. संध्याकाळी दिवा लावताना देवीकडे बघवलं नाही. वातच बघत राहिले.

बुधवार, ११ फेब्रुवारी
तीन बाळं. तोंडं मीच पुसली, फडकं पांढरंच राहिलं. पडद्यावर मात्र तिघांच्याही डोळ्यांत काजळ, कोपऱ्यापर्यंत भरलेलं. निकाल, ठीक. ठीक. ठीक. चांगुणाबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, कुठं काय बाई, चष्म्याचा नंबर काढून या.

शनिवार, १४ फेब्रुवारी
डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं एकच येतंय. त्या मुलीच्या नावापुढे लिहिलेलं, तेच.
आज जपाची माळ हातात घेतली नाही. कोणत्या तोंडाने घेऊ.

सोमवार, १६ फेब्रुवारी
पिंपळगाव रेणुकाईच्या कडूबाचं लेकरू. देवीच्या गावचं. श्वास जड, नखं निळसर. पडद्यावर काजळ. ठीक. डॉक्टर म्हणाले, थंडीने असेल, मशीन ठीक म्हणतंय, उद्या बघू.
मी त्यांच्यासमोर गेले. त्या दिवशी काजळ होतं, मी भरलं, या ठीकवर जाऊ नका, लेकराला आत्ता पाठवा. एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, पुसलं होतं.
ते म्हणाले, हो वहिनी, माहीत आहे. किती मनाला लावून घ्याल.

दुपारी चार
चिठ्ठी लिहिली. तीनदा. तिन्ही कागदांवर माझ्याच वळणदार अक्षरात— पुसलं होतं.
कडूबा विचारत होता, बाई, बराबर हाय ना समदं. मी मान हलवली. हलवायची नव्हती.

साडेचार
ही वहीच देते डॉक्टरांना. जानेवारीचं पान मोडून ठेवलंय. ते वाचतील, थुंकतील माझ्यावर, थुंकू देत. लेकरू तर—
डॉक्टर पायऱ्या उतरतायत. रडणं बारीक होत चाललंय.
उठते. आई रेणुके, उठते आहे— पाय न्हाई— हात थांबत न्हाई—
रडणं थांबलं.
पुसलं होतं. न्हाई, काजळ मी— पुसलं होतं. मीच— पुसलं होतं पुसलं हो