यंदाचा नाताळ आणि माझा बेस

२ डिसेंबर
यंदा चर्चच्या गायनमंडळात जुनी गाणी नाहीत. ऑर्गनवाल्या बाईंनी नाताळसाठी स्वतःच नवं गाणं रचलंय. गव्हाणीतल्या बाळावर, चार आवाजांत, एकदम मॉडर्न. सूर एकमेकांना मुद्दाम घासतात. बाकीच्यांचे चेहरे पडले. मला मात्र लगेच कळलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. बेसमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या, भारदस्त आवाजात, मी एकोणीस वर्षं घासतोच आहे.
संकल्प: रोज सकाळी अर्धा तास रियाज.

३ डिसेंबर
घसा खवखवेल असं वाटलं. रियाज नाही. आवाज राखून ठेवणं हाही रियाजच.

६ डिसेंबर
रिहर्सल. बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, बेसमध्ये कोण चुकतंय? मी शेजारी गाणाऱ्या दंतवैद्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. बिचाऱ्याला अपराधी वाटत असावं.

१० डिसेंबर, दुपार
दुकानात गिऱ्हाईकाला चष्म्याच्या काचा लावून बघताना सूर धरला. गिऱ्हाईक म्हणालं, गाणं थांबवलंत तर अक्षरं दिसतील. लोकांना कान नाहीत. त्याला तर डोळेही नाहीत.

१३ डिसेंबर
बाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, जरा हळू गा. म्हणजे इतरांचे आवाज झाकले जातायत. मोठ्या मनाने कबूल केलं. घरी हिला सांगितलं. ही पण मंडळात असते, सोप्रानोत, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजात, पुढच्या रांगेत. भाजी जरा जोरातच चिरू लागली. भारावली असावी.

१७ डिसेंबर
गाण्याच्या मध्यात सगळ्यांनी चार मात्रा गप्प राहायचंय. मी तीन मोजल्या. पाळकसाहेब खुर्च्या लावत होते, त्यांच्या हातातली एक पडली. आवाजात ताकद आहे हे सिद्ध झालं.

२० डिसेंबर, संध्याकाळ
बाई घरी आल्या. चहा नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "या वर्षी तुम्ही नुसते ओठ हलवा. उभे मात्र राहा हं, रांग रिकामी दिसायला नको."
ही आतून बाहेर आलीच नाही. मागून कळलं, हा निरोप हिनेच द्यायचा होता. तीन दिवस तिला धीर होत नव्हता.

२१ डिसेंबर
राजीनामा लिहिला. तीन पानं. शुद्धलेखन तपासून उद्या देतो.

२४ डिसेंबर
शुद्धलेखन चालू आहे.

२५ डिसेंबर, दुपार
उभा राहिलो. ओठ हलवले. आणि ते गाणं पहिल्यांदाच ऐकलं. घासणारे सूर हळूहळू एकमेकांत मिसळले आणि वर एकच आवाज राहिला, बारीक, जरासुद्धा न हलणारा. कोणाचा म्हणून मान उंच केली. हिचा. रिहर्सलला ती रोज हे गात असणारच. पण तेव्हा मी मलाच ऐकत होतो. मग ओठ हलवायचेही राहून गेले.
बाहेर पाळकसाहेबांनी माझा हात धरला. म्हणाले, यंदा बेस फार छान लागला. मी थँक यू म्हटलं.
घरी येताना हिला म्हटलं, तू चांगली गातेस. एवढं बोलायलाही दोन गल्ल्या लागल्या. ही अगदी मनापासून म्हणाली, "तुम्हीपण आज फार छान उभे होतात."