चिंगीचा शनिवार

शनिवार, हुडकेश्वर

चिंगीला आज पुन्हा झटका आला. पाय ताठ, तोंडाला फेस. झटका ओसरल्यावर हिरड्यांना मध चोळला, तेव्हा कुठे तिनं मान उचलली.

डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढ्याशा कुत्रीची साखर चटकन उतरते, दिवसभर थोडं थोडं खाऊ घाला. मी भात बदलला, चिकन बदललं. तरी झटका आलाच. मग तिची वाटी पाहिली. सकाळपासून कोरडी! सासूबाईंना विचारलं.

"शनिवार करून राहिली ना ती," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिचे झटके थांबाले पाहिजे म्हणून मारुतीले नवस बोलली मी. तिच्यासाठी उपास, अन् तिनंच खावं काय वं?"

कोरडी वाटी. मागचा झटकाही शनिवारचाच. ऑफिसला जाताना एकदा तरी वाटी पाहायला काय झालं होतं मला?

उपाशी राहिल्यानेच झटका येतो, हे कसंबसं सांगितलं. मी त्यांच्यावर रागावले तर नाही ना? माहीत नाही. त्या बराच वेळ चिंगीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मंग तिच्या वाट्याचा उपासबी मीच धरीन," म्हणाल्या आणि हातातला उपासाचा चहाही तसाच खाली ठेवला.