धाकट्या बारोनचं रक्त

३ जून, रविवार
धाकटा बारोन अंड्यातून बाहेर आला. बाप थोरला बारोन पंधरा दिवसांपूर्वीच गेला, पण रक्त ठेवून गेला. तासात सहाशे वेळा 'सुस्केविट' गाणारा फिंच पक्षी बेल्जियमच्या अख्ख्या वेस्ट फ्लँडर्समध्ये दुसरा नव्हता. आमच्या फिंच-क्लबाने मला शेवटची संधी दिली आहे. पुढच्या मे महिन्यातल्या स्पर्धेत पक्षी तासात शंभराच्या आत राहिला तर नाव कमी. बाबा पाच वेळा स्पर्धा जिंकून याच क्लबाचे राजे झाले होते!
संकल्प : पक्ष्याला काहीही शिकवायचं नाही. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही.

२० जून
शेजारचा ओमेर आला. म्हणे, फिर्मिन, पिल्लाला माझ्या म्हाताऱ्या फिंचशेजारी ठेव, उन्हाळाभर ऐकेल, मग वसंतात गाईल. बदल्यात काही नको म्हणे. काही नको म्हणजे नक्की काहीतरी हवंय.

५ जुलै
ओमेरच्या खिडक्या सताड उघड्या. उकाड्याचं निमित्त. त्याचा पक्षी दिवसभर गातो. बारोनला माळ्यावर हलवलं, फटींत लोकर कोंबली. बायको गोडेलीव म्हणाली, अरे, तान्ह्या पोराशीसुद्धा बोलावं लागतं, तेव्हा ते बोलतं. ही ओमेरला फितूर असावी.

११ सप्टेंबर
ओमेरने फिंचच्या गाण्याची सीडी आणून दिली. उलटसुलट करून पाहिली. आत नक्की पलीकडच्या वालोनिया प्रांतातला पक्षी असणार, शेवट फ्रेंचमध्ये करणारा. सीडी कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगली, ससाणा यायचा बंद होईल.

१४ मार्च, सकाळी ७
बारोन गायला! सुरुवात दमदार. शेवटचं 'विट' अजून येत नाही, आणि 'विट'शिवाय स्पर्धेत मोजत नाहीत. लाजतोय. गोडेलीवने विचारलं, फिंच आहे की तेल न घातलेली बिजागरी?

२ मे
रविवारी स्पर्धा. आपला पक्षी आपण मोजायचा नाही, दुसऱ्याने पिंजऱ्यापुढे बसून काठीवर खडूने रेघा ओढायच्या. माझ्या पिंजऱ्यापुढे कोण? ओमेर! चिठ्ठी निघाली म्हणे. चिठ्ठ्या केल्या कोणी?
संकल्प : गोडेलीवला त्याच्या मागे उभं करायचं. 'विट' झालं आणि रेघ ओढली नाही, की तिने ओरडायचं.

५ मे, रविवार, दुपारी
बारोन तासभर अखंड गायला. गोडेलीव एकदाही ओरडली नाही. काठीवर एक रेघ होती. अध्यक्षांनी गोडेलीवला विचारलं, ही एक कधी झाली? ती म्हणाली, झालीच नाही.
ओमेर कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, मीच ओढली हो. भोपळा बघवेना. फिंचला गाणं कसं ऐकवायचं, कसं घडवायचं, सगळं मला या फिर्मिनच्या वडिलांनी शिकवलं. दर रविवारी यालाही हाक मारायचे बिचारे. हा अंथरुणातून सांगायचा, माझ्या रक्तातच आहे ते.
रेघ पुसली. शून्य. क्लबाच्या पाटीवरचं आमचं आडनाव माझ्यासमोर उतरवलं. फार वाईट वाटलं. बाबांची आठवण आली.
परतताना ओमेरला विचारलं, आता शिकवतोस का? म्हणाला, वेळ गेली रे, आता नवीन काही शिरायचं नाही. तो पक्ष्याबद्दलच बोलत असावा.
एक मात्र सिद्ध झालं. ओमेर मोजणीत लबाडी करतो, हे मी पहिल्यापासून ओळखलं होतं.