सोसायटीचा काटा आणि तुमचं पेन

गुरुजी, सोसायटीच्या काट्याची दांडी एका अंगाला पडली की खट्ट आवाज व्हायचा. अजून दुपारी डोळा लागला की तोच आवाज येतो, आणि त्यामागून बायांचं हसू. ते हसू माझ्यामुळं फुटलं नव्हतं, हेच माझं दुखणं.

दुष्काळात लेकरांची वजनं घ्यायला बीडहून आरोग्याची माणसं आली, तेव्हा तुम्ही नुकत्याच मॅट्रिक झालेल्या दोघांना मदतीला दिलंत: मला आणि बागवानाच्या लेकीला. हलक्या भरलेल्या लेकरांना सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक खाऊ, सुरू होणार होती. त्या लोकांचा काटा नांदूरघाटच्या रस्त्याला जीपमध्ये आदळून मोडला, म्हणून तुम्ही सोसायटीतला धान्याचा तराजू आणून लिंबाला टांगलात. तिथंच घोडं अडलं. खडी फोडून आलेल्या बाया लेकरं पदराखाली घेऊन मागं सरकल्या.

"काहून मागं सरता गं?" तुम्ही विचारलंत.

"त्यो काटा मारतो, गुरुजी. आमची ज्वारी त्याच्यावर कमी भरती. आता लेकरू बी कमी भरवायचं का?"

मी पुढं झालो. तुमच्या वर्गात पाठ केलेली बाळाची कविता लिंबाखाली उभं राहून चालीवर म्हटली. आवाज लागला होता, गुरुजी, खरंच लागला होता. एक म्हातारी म्हणाली, "गाणं लई ग्वाड हाय, लेका. पण काटा खोटाच हाय."

तेवढ्यात बागवानाची लेक सोसायटीच्या चेअरमनकडं वळली. "मामा, आधी तुमी बसा पारड्यात."

चेअरमन कसनुसं हसत, धोतर सावरत बसले. दोर कुरकुरतोय, फांदी वाकतेय, दांडी खट्ट! गडी दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून टाकून दमला, तरी चेअरमन काही जमीन सोडेनात.

"आगं बया!" म्हातारी ओरडली, "आपली ज्वारी हितं हाय व्हय!"

काय हसल्या बाया! तोंडाला पदर लावून, एकमेकींच्या अंगावर पडून. चेअरमनही हसले, करतात काय? हसू ओसरलं तशी एक जण पुढं आली आणि तिनं आपलं लेकरू पारड्यात ठेवलं. समोर लहानसं वजन टाकलं, तरी लेकराचं पारडं अलगद वर गेलं. "हलकं हाय ते मला बी दिसतं," ती म्हणाली, "पण लिवा." मग रांग लागली.

तुम्ही खिशाचं पेन काढून तिथंच त्या पोरीला दिलंत. माझ्या वहीत कवितेखाली ज्यानं 'छान' लिहायचात, ते पेन. ते कधीतरी माझंच होणार, असं मी धरूनच चाललो होतो. मला म्हणालात, "वजनं नीट आवरून ठेव रे." बस, एवढंच.

पुढं गावात सुकडी शिजली, लेकरं ओट्यावर बसून बोटं चाटत खायची. मला ते गोड वाटायचं, आणि पोटात जळायचंही.

मघाशी दार वाजलं. इतक्या वर्षांनी दारात तीच, बागवानाची लेक. केस पांढरे, हातात सीताफळांची पिशवी. म्हणाली, "नातीला ती बाळाची कविता शिकवायची हाय, मला चालच आठवंना. तुझ्याबिगर कुणाला येती?"

ती बाहेर बाजेवर बसलीय. पाणी आणतो म्हणून आत येऊन हे पत्र संपवतोय. गुरुजी, तिला 'ये' म्हणायच्या आधी मी तिच्या पिशवीत पेन दिसतंय का, ते पाहिलं.