माझ्याआधी गाणारी

अहमदनगर,
बुधवार, १४ मार्च १९७३

प्रिय ताई,

बाळाच्या बारशाला मी आलो नाही म्हणून तू रुसली असशील. प्रॅक्टिकलचं कारण कळवलं होतं, ते अर्धंच खरं होतं. मी एका गाण्यात अडकलो होतो. यंदा दुष्काळामुळे आमच्या कॉलेजचं गॅदरिंग रद्द झालं, हे तुला ठाऊकच आहे. त्यासाठी मी एक गाणं रचलं होतं. शब्द माझे, चालही माझी. कविता मी शाळेपासून करतो, पण चाल पहिल्यांदाच सुचली होती, तीही एकदम, सायकलवरून येताना, जणू कुणी हातात आणून ठेवावी तशी. गॅदरिंग नाही म्हटल्यावर साथ करणारी मुलं आपापल्या गावी गेली. पण गाणं तसंच सोडवेना. शेवटी आमच्या फिजिक्सच्या निसळ सरांना विचारलं, की डिपार्टमेंटचा टेपरेकॉर्डर वापरू का. सर हसले आणि एकाऐवजी दोन यंत्रं दिली, एक आपलं आणि एक भाषा विभागाकडून मागून आणलेलं.

दोन यंत्रं कशाला, ते सांगतो. आधी एकावर अण्णांची हार्मोनियम वाजवून टेप करायची. मग ती टेप लावायची, तिच्याबरोबर आपण गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर घ्यायचं. म्हणजे एकटा माणूस साथीसकट गाऊ शकतो. जागा मिळाली ती प्रयोगशाळेतली काळोखी खोली, प्रकाशाचे प्रयोग करतात ती. खिडक्यांना जाड काळे पडदे असल्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही. विजेचा दाब कमी झाला की यंत्र मंदावतं आणि सूर उतरतो, म्हणून दाब स्थिर असेल ती वेळ शोधली. मंगळवारी दुपारी दोन ते तीन. त्या वेळी प्रॅक्टिकलही नसतं. भर उन्हातून त्या खोलीत शिरलं की काही वेळ स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. यंत्रावरचा एक हिरवा दिवा तेवढा दिसायचा.

पहिल्या मंगळवारी सगळं जमलं असं वाटलं. टेप मागे घेऊन ऐकायला बसलो. हार्मोनियम आली, आणि माझा आवाज यायच्या क्षणभर आधी कुणीतरी तोच सूर धरला. फार बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा. मग माझा आवाज आला आणि त्याखाली ते झाकून गेलं. प्रत्येक ओळीला असंच. प्रतिध्वनी असता तर मागून आला असता, ताई. हा माझ्याआधी येत होता.

मी धावत सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि समजावून सांगितलं. टेप चक्रीवर गुंडाळलेली असते, एका थरावरचं चुंबकत्व शेजारच्या थरावर किंचित उतरतं, म्हणून पुढे येणारा आवाज कधी कधी क्षणभर आधी पुसट ऐकू येतो. मला फार हायसं वाटलं. सरांनी कपाटातून नवी कोरी टेप काढली, वेष्टण माझ्यासमोर फोडलं आणि पुन्हा करून बघ म्हणाले.

पुढच्या मंगळवारी पुन्हा केलं. या वेळी दोन ओळींच्या मधे मुद्दाम जास्त जागा सोडली. ऐकायला लागलो. जागा सोडल्यामुळे आता ते स्पष्ट कळत होतं. आवाज बाईचा होता. सूर माझाच, पण शब्द माझे नव्हते. माझी ओळ आहे ‘थांब थांब रे पाखरा, ऊन कललं दारात’. ती म्हणत होती,

नीज नीज रं वासरा, गाय गेलीया रानात
सांज होऊ दे जराशी, पान्हा दाटला थानात

चुंबकत्व आवाज उतरवील, शब्द कसे बदलील? सरांनी ते दोनदा ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि वर्गावर निघून गेले. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई आसाराम दारात उभे होते. ते श्रीगोंद्याकडचे. म्हणाले, बोलण्यावरून बाई काष्टीच्या बाजूची वाटते. काष्टी म्हटल्यावर मला आठवलं ते फक्त शाळेच्या दाखल्यावरचं जन्मस्थळ. अण्णा तिथे मास्तर होते, मी दोन वर्षांचा असताना त्यांची बदली झाली, यापलीकडे आपल्या घरात काष्टीचं नाव कधी निघालं नाही. आई होती तोवर नाही, ती गेल्यावरही नाही. मी लहानपणी विचारलं की तू पाणी आणायला उठून जायचीस, हे मला आत्ता लिहिताना जाणवतं आहे.

शनिवारी एस.टी.ने काष्टीला गेलो. बाजाराचा दिवस होता, पण धान्यापेक्षा विकायला आणलेली हाडकुळी जनावरंच जास्त. शाळेमागच्या आळीत चारपाच बाया दगडी ओट्यावर बसल्या होत्या. काय विचारावं ते सुचेना, म्हणून मी सरळ ती चाल गुणगुणली. नुसती चाल, शब्द नाहीत. त्यातली एक म्हातारी, राहीबाई तिचं नाव, मान वर करून माझ्याकडे बघत राहिली आणि मी थांबल्यावर तिने पुढचे शब्द म्हटले. तेच, टेपवरचे. मग मला जवळ बोलावून माझ्या उजव्या कानामागे बोट लावून बघितलं. तिथे माझी जन्मखूण आहे, तुला माहीत आहे.

राहीबाईने जे सांगितलं ते तुला ठाऊक असणार, तरी लिहितो. मी झालो तेव्हा आईला क्षय झाला होता आणि तिला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. राहीबाईची धाकटी जाऊ साळूबाई हिचं लेकरू आठ दिवसांचं होऊन गेलेलं. अण्णांनी तिच्या दारात जाऊन पदर पसरावा तसं उपरणं पसरलं. तिने मला अंगावर पाजलं, दोन वर्षं सांभाळलं. दुपारी तिच्याच घरातल्या पाळण्यात घालून ती हे गाणं म्हणायची. तिनेच जुळवलेलं, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. म्हणजे चाल माझी नव्हतीच.

आई बरी होऊन आली आणि बदलीचा हुकूमही आला. साळूबाई मला सोडणार नाही, रडून गोंधळ घालील, अशी घरात भीती होती. पुढचं राहीबाईच्या तोंडचंच लिहितो. “मास्तरांची थोरली पोर आली सकाळच्या पारी. म्हनली, आईला दाखवून आनते, सांजच्याला परत देते. साळूनं तीट लावून, अंगडं घालून दिलं. गाडी गेल्याली तिला दुपारी कळली. पर ती म्हनायची, पोर खोटं बोलायची न्हाई.”

नंतर दोन वर्षं ती रोज दुपारी रिकाम्या पाळण्याला झोका देऊन गात असे आणि संध्याकाळी वेशीपर्यंत जाऊन परत येत असे. तिसऱ्या उन्हाळ्यात तापाने गेली. मी चार वर्षांचा होतो तेव्हा.

परत आल्यावर मी ठरवलं की गाणं तिच्या शब्दांत गायचं. कालच्या नव्हे, त्याच्या आधीच्या मंगळवारी, सहा तारखेला, त्याच खोलीत, त्याच वेळी गायलो. गाताना रडू येईल वाटलं होतं, तसं झालं नाही. पाठीमागे कुणी श्वास रोखून ऐकतं आहे एवढं मात्र वाटत राहिलं, आणि मी वळून बघितलं नाही. मग टेप ऐकली. माझा आवाज, अण्णांची हार्मोनियम, बाकी काही नाही. आधीच्या दोन्ही टेपा लावल्या. त्यांवरूनही ती गेली होती. ओळींच्या मधे नुसती जागा होती, कोरी. सरांनाही ऐकवलं. मला वाटलं, तिचं समाधान झालं. तुला यातलं काहीच कळवायचं नाही, असं तेव्हा ठरवलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीकडून मोठ्यांनी जे वदवून घेतलं ते तिला आता कशाला आठवून द्यायचं?

पण काल तुझं पत्र आलं. बाळाला पाळण्यात घालून तू स्वयंपाकघरात गेलीस की दुपारी खोलीत कुणी बाई गाते, तू आलीस की थांबते आणि पाळणा हलत असतो, असं तू लिहिलंस. सासूबाई बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणतात, राहात्याचे डॉक्टर झोपेच्या गोळ्या देतात. हे कधीपासून, तेही लिहिलंस. सहा तारखेच्या मंगळवारपासून. ताई, तुला वेड लागलेलं नाही. त्या गोळ्या घेऊ नकोस, तू जागी राहायला हवीस. ती वाईट नाही, असं माझं मन सांगतं, पण सतरा-अठरा वर्षं वाट पाहिलेल्या बाईला पाळण्यातलं मूल कुणाचं हे कळत असेल का, ते मला सांगता येत नाही. दुपारी बाळाला खाली ठेवू नकोस, मांडीवर घेऊन बस. गाणं सुरू झालं तर खोलीतून जाऊ नकोस. तिला खरं काय ते सांग, तू लहान होतीस हेही सांग. उद्या माझं शेवटचं प्रॅक्टिकल आहे. शुक्रवारच्या पहिल्या गाडीने निघतो, दुपारच्या आत राहात्याला पोचेन. पाळण्याजवळ मी बसेन. तोवर तिला एवढं म्हण, की माधवला आणते.

तुझाच,
माधव