बोईसरवरचे ढग

सुजित,

माझ्या कंपनीच्या गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, म्हणून दुर्बिणीचं माझं बुकिंग सकाळी अकराला फक्त कन्फर्म कर म्हटलं होतं. तू ते रद्द केलंस. वर मेसेज, ‘ढग आलेत, काही दिसणार नाही.’

ढग बोईसरवर होते. दुर्बीण चिलीत आहे, मी ती इथून इंटरनेटवर चालवते, आणि तिथे तेव्हा रात्र होती. माझी वेळ लगेच दुसऱ्या सभासदाने घेतली. उद्यापासून धूमकेतू सूर्याआड जाईल आणि परत येईल तेव्हा आपण नसू.

दोन वर्षं रोज जेवताना मी चिलीचं सांगतेय आणि तू मान डोलावतोयस.

डाळ कुकरमध्ये आहे, भात लाव. मी शिरगावला स्वराकडे राहायला चाललेय. स्वरा कोण, हे फोन करून विचारू नकोस. तेही जेवतानाच सांगितलं होतं.

ज्ञानेश्वरी