नवलच्या वाट्याचा रोट

सुरत, श्रावण

माझी माय,
तुझ्या पायांवर डोकं टेकवते. आम्ही बरे आहोत, हे कामावर जातात. तुझे गुडघे कसे आहेत?

कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ टाकली. सवयीनं माझ्या नवलचीही टाकली गेली. पोराला जाऊन वर्ष झालं, पण हाताला कळत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "काढ ती." मला काढवेना. मग त्यांनीही गुपचूप सगळे गहू दळायला दिले.

फार थकले गं माय, रडायलाही बळ उरलं नाही. काल देवीपुढेच आडवी झाले आणि वर्षानं झोप लागली, तुझ्या मांडीवर लागायची तशी.

नवलचा रोट तिच्यापुढेच ठेवलाय. आता तीच भरवेल त्याला.

तुझी लेक,
रत्ना